नव्या कपड्यांतली मुले : मसूर स्थानक, १९०१

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पोशाखाचा विषय निघाला की चर्चा सूट, टाय आणि कोटाच्या खिशातील पेन यांपुढे सहसा जात नाही. त्यांच्या शाळकरी वयातील कपड्यांची हकीकत त्याहून कितीतरी बोलकी आहे, आणि ती त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. १९३५-३६ च्या सुमारास इंग्रजीत लिहिलेल्या आणि १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झालेल्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत ती येते.

या आठवणींची सुरुवात रत्नागिरी जिल्ह्यापासून होते. घराण्याचे मूळ गाव आंबडवे, आजच्या मंडणगड तालुक्यातले. पुढे जगप्रसिद्ध झालेल्या आडनावाचे मूळ याच गावात आहे. वडील रामजी सकपाळ लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी कुटुंब दापोलीस आणले. तेथेच स्थायिक होण्याचा बेत होता. तो बदलला आणि बिऱ्हाड साताऱ्यास गेले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तेथील सरकारी शाळेच्या दप्तरात भिवा रामजी आंबेडकर हे नाव चढले. आज महाराष्ट्रात हा दिवस ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळला जातो.

या विद्यार्थ्याच्या रोजच्या कपड्यांमागे एक वेगळी व्यवस्था होती. साताऱ्यात परीट होते आणि त्यांना देण्याइतके पैसेही घरात होते. परंतु अस्पृश्यांचे कपडे धुण्यास परीट तयार नव्हते. म्हणून धुणे बहिणींच्या वाट्याला येई. न्हाव्याचीही तीच गोष्ट. मुलांचे केस थोरली बहीण कापी, आणि सरावाने ती त्यात तरबेज झाली होती. शाळेत बसण्यासाठी गोणपाटाचा वेगळा तुकडा असे. शाळा झाडणारा नोकर त्यालाही शिवत नसे, त्यामुळे तो रोज संध्याकाळी घरी न्यावा लागे आणि सकाळी पुन्हा आणावा लागे. दप्तराबरोबर गोणपाट, हा त्या काळी त्या मुलाचा गणवेशच म्हणायचा.

१९०१ च्या उन्हाळ्यात सुटीचे बोलावणे आले. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने खटाव तालुक्यातील गोरेगावी तलाव खणण्यास घेतला होता आणि रामजी तेथे खजिनदार होते. मुलांनी आगगाडी कधी पाहिलेली नव्हती, त्यामुळे घरात केवढी लगबग उडाली! नवे विलायती सदरे, चकाकत्या जडावाच्या टोप्या, नवे बूट आणि रेशीमकाठी धोतरे खास प्रवासासाठी आणविली गेली. टांग्याने दहा मैल जाऊन मुलांनी स्टेशन गाठले. थोरल्या भावाने तिकिटे काढून धाकट्यांना खर्चायला दोन-दोन आणे दिले, आणि त्यांनी पहिली चैन केली ती लेमोनेडच्या बाटलीची.

सायंकाळी पाचच्या सुमारास मुले मसूरला उतरली. घ्यायला कोणीच आले नव्हते. तासाभराने स्टेशनमास्तर चौकशीला आला. कपडे आणि बोलणे यांवरून ही ब्राह्मणाघरची मुले असावीत, असा त्याचा ठाम समज झाला होता. छोट्या भीमरावाने मागचापुढचा विचार न करता आपण महार असल्याचे सांगून टाकले, आणि मास्तरचा चेहरा पालटला.

त्या क्षणापर्यंत रेशीमकाठी धोतराने आपले काम चोख बजावले होते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. २६ वर्षांनंतर, डिसेंबर १९२७ मध्ये, महाड येथे जमलेल्या स्त्रियांना बाबासाहेबांनी सांगितले की लुगडे उच्चवर्णीय स्त्रियांप्रमाणे नेसावे आणि जातीची खूण ठरलेले जड दागिने टाकून द्यावेत. पोशाखावरून जात ओळखली जाते आणि पोशाखाने ती झाकलीही जाते, हे त्यांनी मसूरला अनुभवले होते. मात्र ती किती वेळ झाकली जाते, हेही त्यांना ठाऊक होते.

भाड्याच्या बैलगाड्या स्टेशनवर उभ्या होत्या, पण दुप्पट भाडे कबूल करूनही कोणी तयार होईना. अखेर एक तडजोड निघाली : मुलांनीच गाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे. आत्याने दिलेली शिदोरी जवळ होती. पाणी मात्र गाडीवानाने दाखविलेल्या नदीत होते तेवढेच, शेणामुताने घाण झालेले. मध्यरात्री टोलनाका आला, तेव्हा गाडीवानाच्या सल्ल्याने भीमरावाने नाकेदाराशी उर्दूत बोलून आपण मुसलमान असल्याचे भासविले. तरीही पाणी मिळाले नाही. रात्र तहानेनेच काढावी लागली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास गाडी गोरेगावात पोहोचली. मुलांना पाहून रामजी थक्क झाले. ती येणार असल्याची त्यांना कल्पनाच नव्हती. चौकशीअंती उलगडा झाला. पत्र वेळेवर आले होते. नोकर ते रामजींना द्यायला विसरला होता.