गुडघ्याचा आधार : एका उपकरणाची कुळकथा

क्रीडासाहित्याच्या दुकानात जाऊन गुडघ्यासाठी आधार मागितला असता दुकानदार निरनिराळ्या वस्तू पुढे मांडतो. कोठे लवचिक कापडाची नळी, कोठे वाटीच्या जागी भोक ठेवलेला रबरी पट्टा, कोठे गादी शिवलेली नी-कॅप, तर कोठे दोन्ही अंगांस बिजागऱ्या असलेला धातूचा सांगाडा. नावे मात्र सर्वांस जवळजवळ एकच. साहजिकच घेणारा किमतीकडे पाहतो आणि महाग तेवढे गुणकारी असे समजून चालतो. वस्तुतः या वस्तू निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या गरजांपोटी जन्मास आलेल्या आहेत. आणि कोणती वस्तू कशासाठी जन्मली हे कळल्यावाचून निवड करणे म्हणजे अंधारात चाचपडणे होय.

आधुनिक काळातील या विद्येचा एक मूळपुरुष म्हणून लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमस याचे नाव घ्यावे लागते. १८३४ साली जन्मलेला हा वैद्य हाडे बसविणाऱ्या एका वेल्श घराण्यातील होता. क्षयाने ग्रासलेल्या गुडघ्यास पूर्ण विश्रांती मिळाली पाहिजे, हा त्याचा सिद्धांत. त्यासाठी त्याने मांडीच्या मुळाशी कातड्याने मढविलेले कडे आणि त्यापासून पावलाखाली उतरणाऱ्या दोन लोखंडी सळया अशी चौकट तयार केली. शरीराचा भार कमरेच्या हाडावरून सळयांवर जाई व गुडघा मोकळा राही. थॉमसला हयातीत फारसा मान मिळाला नाही. १८९१ साली तो वारला. पुढे पहिल्या महायुद्धात त्याचा शिष्य सर रॉबर्ट जोन्स याने हीच चौकट मांडी मोडलेल्या सैनिकांसाठी वापरात आणली आणि असंख्य प्राण वाचले. परंतु एक गोष्ट ध्यानात ठेवावयाची : थॉमसचा आधार गुडघा हलू नये म्हणून होता.

खेळाडूची अडचण नेमकी उलट. त्यास गुडघा हलवावयाचा असतो, पण भलत्या दिशेने तो वळू द्यावयाचा नसतो. मांडीचे हाड व नडगीचे हाड यांस बांधून ठेवणारे चार मुख्य अस्थिबंध आहेत; हल्ली त्यांस सर्रास लिगामेंट म्हणतात. दोन बाजूंस दोन, आणि सांध्याच्या पोटात फुलीसारखे एकमेकांवरून गेलेले दोन. या फुलीतील पुढचा बंध नडगीस पुढे सरकू देत नाही. कबड्डीत चढाई करणाऱ्याचे पाऊल जमिनीत रुतलेले असावे आणि वरून अंग पिळले जावे, की तुटतो तो बहुधा हाच.

अमेरिकेतील जो नेमथ हा फुटबॉलपटू १९६४ साली, महाविद्यालयात असतानाच, उजव्या गुडघ्याने जायबंदी झाला. (हा फुटबॉल निराळा, त्यात चेंडू हाती घेऊन धावतात आणि प्रतिस्पर्ध्यास अंगावर जाऊन पाडतात.) जानेवारी १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या लेनॉक्स हिल रुग्णालयात डॉ. जेम्स निकोलस यांनी त्याच्यावर शस्त्रक्रिया केली. पुढे निकोलस आणि कास्टिग्लिया नावाचे कारागीर यांनी नडगीचे पिळणे रोखणारा बिजागरीचा आधार सिद्ध केला, तो लेनॉक्स हिल ब्रेस या नावाने प्रसिद्ध पावला. नेमथ १९७७ पर्यंत खेळत राहिला.

येथपर्यंत सारे सुसंगत होते. दुखावलेल्यास आधार, एवढेच. गोंधळ त्यानंतरचा. १९७८ च्या सुमारास ओकलंड रेडर्स या संघाचे प्रशिक्षक-शुश्रूषक जॉर्ज अँडरसन यांनी केन स्टेबलर या खेळाडूच्या दुखऱ्या गुडघ्यासाठी बाहेरच्या अंगास पट्टी असलेला आधार बनविला. लवकरच तो निकोप गुडघ्यांवरही चढविण्यात येऊ लागला. जखमेस जो उपयोगी तो जखम टाळण्यासही उपयोगी, हे अनुमान दिसावयास सरळ. पण ते कोणी तपासलेले नव्हते.

१९८४ साली अमेरिकेतील अस्थिशल्यचिकित्सकांच्या अकादमीने या आधारांचे तीन वर्ग पाडले : निकोप गुडघ्यास इजा होऊ नये म्हणून घालावयाचे, शस्त्रक्रियेनंतर हालचालीस मर्यादा घालणारे, आणि बंध सैल झालेल्या गुडघ्यास खेळताना सावरणारे. मग मोजदाद सुरू झाली. टाइट्झ व त्यांचे सहकारी यांनी १९८४ मध्ये ७१ व १९८५ मध्ये ६१ महाविद्यालयांतील फुटबॉलपटूंची माहिती घेतली, तो चमत्कार असा, की आधार घालणाऱ्यांतच गुडघ्याच्या इजा अधिक आढळल्या! उलट वेस्ट पॉइंटच्या सैनिकी विद्यालयात १,३९६ छात्रांवर चिठ्ठीपद्धतीने गट पाडून दोन वर्षे चाललेल्या प्रयोगात (तो १९९० साली प्रसिद्ध झाला) आधारामुळे इजांची संख्या घटली, विशेषतः बचावाच्या जागी खेळणाऱ्यांत. इजेची तीव्रता मात्र उतरली नाही. दोहोंत वेस्ट पॉइंटची कसोटी अधिक कडक, हे खरे. पण तीही एकाच प्रकारच्या खेळाविषयी बोलते. धावणाऱ्याने वा बॅडमिंटन खेळणाऱ्याने त्यावरून आपल्यापुरता निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल.

आता दुकानातील त्या वस्तूंकडे पुन्हा पाहावे. गादीची नी-कॅप कातडी सोलवटू देत नाही व मुका मार कमी करते. आतल्या बंधांशी तिचा संबंध नाही. लवचिक नळी ऊब देते, सूज थोडी आवरते आणि आपला गुडघा कोठे आहे याची जाणीव तीव्र करते. सांधा निसटत असेल तर तिच्यावर विसंबणे घातक. वाटीभोवती दुखत असेल त्यास भोकाचा पट्टा, उड्या मारणाऱ्याच्या वाटीखालच्या दुखण्यास अरुंद पट्टी, एवढे त्यांचे क्षेत्र. बिजागरीचा सांगाडा मांडीचा व पोटरीचा घेर मोजूनच घ्यावा लागतो. बिजागरी सांध्याच्या रेषेखाली घसरली, की आधार आडवा येऊ लागतो. शिवाय हे सांगाडे अल्प जोरापुढे नडगीस धरून ठेवतात, पण मैदानातील पूर्ण जोरापुढे पुष्कळदा अपुरे पडतात. गुडघा सुजला, अडकला किंवा पायाखालून निघून गेल्यासारखा वाटला, तर दुकानाआधी डॉक्टरांकडे जाणे प्राप्त आहे.

नेमथचे दोन्ही गुडघे १९९२ साली बदलून कृत्रिम बसवावे लागले. त्या वेळी त्याने पन्नाशीही गाठली नव्हती.