कुत्रं चावलं, तर कायदा काय म्हणतो?

मैत्रिणींनो, पाळीव कुत्र्याबाबत हयगय करणाऱ्या मालकासाठी आपल्याकडे 1860 पासून कलम आहे, 289. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 1,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपये म्हणजे तेव्हा केवढी रक्कम! पुढे दीडशे वर्षं आकडा हललाच नाही. 2024 मध्ये कलम झालं 291, दंड 5,000 पर्यंत. पण दंड म्हणजे भरपाई नव्हे. ती वेगळी मागावी लागते.

मोकाट कुत्र्याला मालकच नाही. तिथे पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने 2023 मध्ये सरकारलाच धरलं. दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान 10,000 रुपये! तो दर आपल्या राज्याला लागू नाही, तरी अर्जात दाखला देता येतो. म्हणून आम्ही गटात सांगतो, जखम साबणाने धुवा, लस घ्या, दवाखान्याचे कागद जपा. खुणांचा फोटोही काढा. जखम भरली की त्या मोजता येत नाहीत.