गिरणीचा खोकला (बिसिनोसिस)

गिरणीचा खोकला : कापूस, जवस (फ्लॅक्स), हेंप यांच्या तंतूंच्या धुळीमुळे होणारा श्वसनमार्गाचा व्यवसायजन्य विकार. मुंबईत तो मुख्यतः परळ, लालबाग, शिवडी, भायखळा या गिरणगावातील कामगारांमध्ये आढळला.

कापसाच्या गासड्या ब्लोरूममध्ये फोडल्या जातात आणि पुढे कार्डिंग खात्यात पिंजून निघतात. सर्वांत जास्त धूळ याच दोन खात्यांत उडते, विणाई खात्यात त्या मानाने कमी. धागा तुटू नये म्हणून हवा दमट आणि खिडक्या बंद ठेवण्याची रीत असल्याने धुळीला बाहेर वाट मिळत नसे. त्रास होतो तो निव्वळ तंतूंमुळे नव्हे. बोंडाभोवतीच्या पानांचा चुरा आणि त्यावर वाढणाऱ्या जीवाणूंचे अंतर्विष श्वासनलिकांना सूज आणते, असे मानले जाते.

ओळखीची खूण वेळेत आहे. साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीत छाती आवळते, धाप लागते, खोकला येतो. दुसऱ्या दिवशी बरे वाटते. पुढे त्रास वाढत जातो, मग तो आठवडाभर टिकतो आणि शेवटी सुट्टीतही सुटत नाही. रिचर्ड शिलिंग यांनी १९५०च्या दशकात इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांचा अभ्यास करून याच क्रमावर रोगाच्या पायऱ्या ठरवल्या. आरंभी क्ष-किरण चित्रात खास काही दिसत नाही. पाळीच्या आधी व नंतर फुंकरीची ताकद मोजली, तर घट कळते. म्हणजे यंत्रापेक्षा आधी रुग्णाची हकिकत नीट ऐकावी लागते, आणि गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात नेमका त्यालाच वेळ नसतो.

निदान चुकण्याचे दुसरे कारण गिरणगावातच होते. दाटीवाटीच्या गाळ्यांत क्षय सहज पसरे, बिडी बहुतेकांच्या हाती असे. त्यामुळे खोकणाऱ्या कामगाराची वाट एक तर शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयाकडे जाई किंवा ‘बिडी सोड’ या सल्ल्यावर संपे. बिडी आणि कापूस यांचा वाटा वेगळा काढणे हाच संशोधनाचा खरा पेच होता. परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील (स्थापना १९२६) छातीविकारतज्ज्ञ डॉ. एस. आर. कामत व सहकाऱ्यांनी कापड कामगारांची पाच वर्षे पाहणी करून बिसिनोसिस आणि दीर्घकालीन श्वासरोधक विकार यांतील फरक तपासला. तो निबंध १९८१मध्ये अमेरिकेतील छातीविकारांच्या नियतकालिकात छापून आला. शहरातील वायुप्रदूषण आणि श्वसनविकार यांच्या संबंधावरही याच गटाने काम केले. १९९५मध्ये डॉ. व्ही. मुरलीधर, विजय कान्हेरे आदींनी मुंबईतील एका गिरणीतील बिसिनोसिसवर निबंध प्रसिद्ध केला.

कायद्यात हा रोग होता. कारखाने अधिनियम, १९४८ नुसार तो डॉक्टरने कळवायचा रोग होता आणि राज्य कामगार विमा कायद्यात तो व्यवसायजन्य रोग म्हणून गणला जाई. तरी भरपाईसाठी कामगाराला आपला दम कापसानेच गेला हे कागदावर दाखवावे लागे, आणि कागद तयार करणाऱ्यांना त्याची घाई नव्हती.

उपचारांत पहिला धुळीपासून दूर जाण्याचा. सुरुवातीला खाते बदलले तर फरक पडतो. जुन्या रुग्णात श्वासनलिका रुंदावणारी श्वसनौषधे आराम देतात, गेलेली ताकद सहसा परत येत नाही. खोकल्याच्या सरबताचा येथे उपयोग नाही. प्रतिबंध म्हणजे यंत्रावरच धूळ शोषून घेणे. अमेरिकेने १९७८मध्ये सूतकताईसाठी हवेतील कापूसधुळीची मर्यादा घनमीटरला २०० मायक्रोग्रॅम ठरवली.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकेक बंद पडल्या. राज्यातील सूतगिरण्यांत कापूस मात्र आजही पिंजला जातो. तेथून आलेल्या, किंवा परळ-लालबागच्या निवृत्त, खोकणाऱ्या रुग्णाला डॉक्टरांनी बिडीविषयी विचारण्याआधी तो कोणत्या खात्यात होता हे विचारावे.