हॉस्पिटलमध्ये मनगटावर पट्टा का बांधतात?

रुग्ण दाखल होताच त्याच्या मनगटावर नाव, जन्मतारीख आणि नोंदणी क्रमांक असलेला पट्टा बांधला जातो. औषध किंवा रक्त देण्यापूर्वी किमान दोन खुणा जुळवाव्यात आणि त्यांत खोली क्रमांक नसावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सुचवले. कारण रुग्णाची जागा बदलते.

"तुम्ही पाटील ना?" असे विचारले तर गुंगीतला रुग्ण चुकीच्या नावालाही मान हलवू शकतो. म्हणून "तुमचे पूर्ण नाव काय?" असे विचारतात आणि उत्तर पट्ट्याशी ताडून पाहतात. बोलू न शकणाऱ्या रुग्णासाठी तर पट्टा फारच महत्त्वाचा. नवजात बाळाला आणि आईला जुळणारे पट्टे बांधतात.

पट्ट्यावरचे नाव स्वतः वाचा. चूक दिसली किंवा पट्टा निघाला, तर लगेच नर्सला सांगा.