त्रिरश्मीच्या दगडातले सुतारकाम

नाशिकच्या नैर्ऋत्येला सुमारे ८ किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गालगत त्रिरश्मी डोंगर आहे. त्याच्या उत्तरेकडील कड्यात २४ लेणी असून बहुतेक बौद्ध आहेत. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात.

ही लेणी कोरणाऱ्या कारागिरांसमोर लाकडी इमारतींचा नमुना होता. कातळाला वासे, तुळया वा खुंट्या लागत नाहीत, तरीही १८ क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनागृहाच्या, दर्शनी भागावरील कमानीत वाशांची टोके कोरलेली दिसतात. वेदिकेच्या, म्हणजे कठड्याच्या, नक्षीत आडव्या पट्ट्या उभ्या खांबांत बसवल्याचा भास होतो. ३ क्रमांकाच्या लेण्यात तर सहा धिप्पाड आकृती ओसरीखालच्या तुळया खांद्यावर पेलतात. चैत्यगृहाच्या छताला लावलेल्या खऱ्या लाकडी कमानी नष्ट झाल्या; कार्ल्याच्या चैत्यगृहात तशा कमानी अजून आहेत. जे लाकूड टिकले नाही, त्याची घडण दगडाने जपली.

लेणे कोरले की काम संपत नसे. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने १० क्रमांकाच्या लेण्यासाठी ३,००० कार्षापण नाण्यांची अक्षयनीवी, म्हणजे मुद्दलाला हात न लावता फक्त व्याज वापरायची ठेव, गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवली. २,००० वर दरमहा शेकडा १ या दराने वर्षाला २४० कार्षापण मिळत. त्यातून २० भिक्षूंना चीवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी १२ दिले जात. उरलेल्या १,००० वर दर दरमहा पाऊण टक्का होता.

३ क्रमांकाचे लेणे राजमाता गौतमी बलश्रीने सातवाहन राजा पुळुमावीच्या १९व्या राज्यवर्षी भदायनीय पंथाच्या भिक्षूंना दिले. लेण्याच्या चित्रकामासाठी पिसाजिपदक हे गाव नेमून दिले होते. २२व्या वर्षी लेण्याच्या देखभालीसाठी पूर्वी दिलेल्या सुदसन गावाच्या बदल्यात सामलिपद गाव मिळाले. हा बदलही शिलालेखात नोंदला गेला.

अपुरे राहिलेले लेणे दुसऱ्याने पुरे करण्याचीही रीत होती. बोपकी नावाच्या यतीने सुरू केलेले २० क्रमांकाचे लेणे बरीच वर्षे अर्धवट पडून होते. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या ७व्या राज्यवर्षी महासेनापती भवगोपाची पत्नी वासू हिने ते पूर्ण केले. पुढे त्याच लेण्यात बुद्धमूर्तीचे गर्भगृह झाले.

आज या लेण्यांची देखभाल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे.