हिऱ्यांच्या दरीची आख्यायिका

वऱ्हाडातील मुकुटबनच्या भूगर्भात दगडी कोळसा आणि चुनखडक आहे, हिरे नाहीत. परंतु पैनगंगेपलीकडील ज्या तेलंगणात १३व्या शतकात काकतीयांचे राज्य होते, त्याविषयी मार्को पोलोने असे नमूद केले की, सर्पांनी व्यापलेल्या दुर्गम दऱ्यांत लोक मांसखंड फेकतात, गरुड ते उचलून डोंगरमाथ्यावर नेतात आणि त्या मांसाला चिकटलेले हिरे माणसांच्या हाती लागतात. १५व्या शतकात निकोलो काँती या प्रवाशानेही जवळजवळ हीच कथा सांगितली. पुढे १७व्या शतकात कृष्णाकाठच्या कोल्लूर खाणीवर पोहोचलेल्या ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने मात्र जे वर्णिले, ते आम्हांस त्या कथेहून कितीतरी मोलाचे वाटते : पुरुष खणीत, बायका व मुले माती वाहून नेत, ती पाण्याने धुऊन, उन्हात वाळवून, पाखडून, उरलेल्या खड्यांतून हिरे वेचले जात. त्याने दिलेला ६०,००० मजुरांचा आकडा फुगलेला असला, तरी त्यांच्या श्रमांची दखल त्याने घेतली, हे विसरू नये. वऱ्हाडच्या वाचकांनी याच संदर्भात वैरागडचेही स्मरण ठेवावे. वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात अबुल फजलने ‘आइने-अकबरी’त तेथील हिऱ्यांच्या खाणीची नोंद केली आहे. —संपादक