डब्यात पडलेला पाया : इऑनची चौसष्ट वर्षे

१९६१ च्या जूनमध्ये दोन निर्माते भागीदार झाले, ते एकमेकांच्या गरजेपोटी. हॅरी साल्ट्झमन यांच्याकडे इयान फ्लेमिंगच्या कादंबऱ्यांचे हक्क होते, पण पैसा उभा करायची मुदत संपत आली होती. अल्बर्ट ब्रॉकोली, ज्यांना सगळे ‘कबी’ म्हणत, त्यांच्या अमेरिकी चित्रपटधंद्यात ओळखी होत्या, पण हव्या असलेल्या कादंबऱ्या दुसऱ्याच्या हातात होत्या. दोघे भेटले, युनायटेड आर्टिस्ट्सने पैसा लावायचे कबूल केले आणि इऑन प्रॉडक्शन्स उभी राहिली. सुमारे १० लाख डॉलरांत ‘डॉक्टर नो’ तयार झाला आणि ५ ऑक्टोबर १९६२ रोजी लंडनमध्ये लागला. जेम्स बाँड पडद्यावर आला तो असा.

पहिला चित्रपट चालणे हा पुष्कळदा योग असतो. संस्था उभी राहते की नाही, ते दुसऱ्या चित्रपटावर ठरते. म्हणून इऑनची वाटचाल लिहिताना मी ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ पुन्हा पाहायला घेतला. १९६३ चा हा चित्रपट इऑनच्या पंचवीस बाँडपटांतला सर्वांत भक्कम आहे असे माझे मत पूर्वी होतेच, आता ते पक्के झाले.

आम्ही माढा तालुक्याची माणसे रेल्वेच्या आवाजात वाढलेली. मुंबई–मद्रास मार्ग गावावरून जातो आणि शेजारच्या कुर्डुवाडीहून १८९७ साली बार्शी लाइटची नॅरोगेज गाडी सुटली. ती कंपनीही लंडनची, पुढे १९५४ साली सरकारने ताब्यात घेतलेली. गाडीचा डबा म्हणजे काय, किती अरुंद, किती आवाजाचा, रात्री दिवा मालवल्यावर कसा परका होणारा, हे इथे कुणाला सांगावे लागत नाही. या चित्रपटाचा प्राण अशाच एका डब्यात आहे.

कथा इस्तंबूलहून निघणाऱ्या ओरिएंट एक्स्प्रेसमध्ये चढते. रॉबर्ट शॉने केलेला मारेकरी ग्रँट तोवर तासभर बाँडच्या मागावर आहे, पण त्याच्या तोंडी एक शब्दही नाही. झाग्रेबला तो इंग्रज हेराचे सोंग घेऊन बाँडला भेटतो, तेव्हा प्रथमच बोलतो, आणि बोलतो तेही मिठ्ठास. जेवणाच्या डब्यात तो माशाबरोबर लाल वाइन मागवतो. इंग्रज उमरावी रिवाजात ते बसत नाही. बाँडच्या ते ध्यानात येते, पण अर्थ लागतो उशिरा. पुढे पिस्तुलाच्या धाकाने गुडघ्यावर बसवलेला बाँड सिगारेटसाठी सोन्याची नाणी देऊ करतो, ग्रँट हावरेपणाने हेरखात्याची खास बॅग उघडायला जातो आणि आतला अश्रुधूर फुटतो. ती बॅग कशी उघडायची हे प्रेक्षकाला सुरुवातीलाच दाखवून ठेवलेले असते. मग मारामारी. दिवा फुटतो, डबा निळसर काळोखात जातो, आणि संगीत बंद. फक्त चाकांचा खडखडाट, काच आणि दोन माणसांचा श्वास. दिग्दर्शक टेरेन्स यंग आणि संकलक पीटर हंट यांनी त्या दोन-तीन हातांच्या जागेत जे बसवले, त्याची बरोबरी पुढच्या कोट्यवधींच्या स्फोटांना क्वचितच करता आली.

गंमत म्हणजे बेलग्रेड आणि झाग्रेब ही स्थानकेसुद्धा इस्तंबूलच्या सिर्केजी स्थानकातच उभी केली होती. पैसा दुप्पट, सुमारे २० लाख डॉलर, मिळूनही काटकसरीची सवय सुटली नव्हती.

आणि हा चित्रपट हालात झाला. इस्तंबूलमधला बाँडचा दोस्त केरीम बे साकारणारे मेक्सिकोचे मोठे नट पेद्रो आर्मेंदारिस कर्करोगाने खंगत होते. घरच्यांसाठी चार पैसे मागे राहावेत म्हणून ते काम करत राहिले. यंग यांनी त्यांचे प्रसंग आधी उरकून घेतले. जून १९६३ मध्ये त्यांनी स्वतःचे जीवन संपवले. पडद्यावरचा केरीम मात्र हसरा, दिलदार; ते हसू कशातून आले हे कळल्यावर तो प्रत्येक प्रसंग मला थांबून पाहावा लागला. स्कॉटलंडमध्ये जागा पाहताना यंग यांचे हेलिकॉप्टर पाण्यात पडले, आणि ते लगेच कामावर परतले.

याच चित्रपटात घराची माणसे जमली. नामावलीआधीचा प्रसंग इथे प्रथम आला. जॉन बॅरी यांनी संपूर्ण संगीत इथे प्रथम दिले. बॅग घेऊन येणारे डेझमंड लूएलिन इथे प्रथम दिसले आणि १९९९ पर्यंत सतरा चित्रपटांत येत राहिले. बाँड बदलत गेले: कॉनरी, लॅझेन्बी, मूर, डाल्टन, ब्रॉस्नन, क्रेग. पण लोईस मॅक्सवेल यांची मनीपेनी, बाँडच्या साहेबांची चिटणीस, १९८५ पर्यंत तीच. माझ्या मते इऑन टिकली ती या माणसांमुळे. नायक हा तिथला पाहुणा.

भागीदारी मात्र टिकली नाही. साल्ट्झमन कर्जात बुडाले आणि १९७५ साली त्यांनी आपला हिस्सा युनायटेड आर्टिस्ट्सला विकला. आपल्याकडे १९२९ साली कोल्हापुरात पाच भागीदारांनी उभी केलेली ‘प्रभात’ १९४२ साली शांतारामबापू बाहेर पडल्यावर खिळखिळी झाली आणि १९५३ साली बंद पडली. ब्रॉकोली यांनी मात्र इऑन एकट्याने ओढून नेली, कारण तंत्रज्ञांची फळी जागेवर होती. हे आठवले की ‘प्रभात’साठी आजही जीव तुटतो.

१९८२ साली इऑन आपल्या देशात आली. ‘ऑक्टोपसी’चे चित्रण उदयपूरला झाले. सापवाले, खिळ्यांवर झोपणारे बुवा, तलवार गिळणारे असा भारत त्यांनी गोळा केला, तो मला आजही खटकतो. पण मुंबईच्या रंगभूमीवर ‘तुघलक’ केलेले कबीर बेदी त्यात गोबिंदा आहेत. मुठीत फासे चुरडणारा, फार थोडे बोलणारा हा गोबिंदा सरळ ग्रँटच्या वंशातला, आणि तोही बाँडशी झुंजतो धावत्या गाडीच्या टपावर. चित्रपट लागला १९८३ साली. त्याच वर्षी शॉन कॉनरी प्रतिस्पर्ध्यांच्या बाँडपटात उतरले, तरी गल्ला ‘ऑक्टोपसी’चा मोठा ठरला.

पुढे १९८९ नंतर कज्जेदलालीत सहा वर्षे एकही चित्रपट निघाला नाही. १९९५ च्या ‘गोल्डनआय’पासून ब्रॉकोली यांची मुलगी बार्बरा आणि सावत्र मुलगा मायकेल विल्सन यांनी सूत्रे धरली, १९९६ साली कबी गेले. २०१२ चा ‘स्कायफॉल’ १०० कोटी डॉलरांच्या पुढे गेला. २०२१ साली पंचविसावा चित्रपट आला. २०२२ मध्ये अ‍ॅमेझॉनने बाँडच्या हक्कांतली भागीदार असलेली एमजीएम ही चित्रपट कंपनी विकत घेतली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये बार्बरा व विल्सन यांनी कलाविषयक अधिकार सोडले. हक्कांत कुटुंबाचा वाटा राहिला, पण कोणता नट, कोणती कथा, कोणता दिग्दर्शक हे आता घरात ठरणार नाही.

पुढच्या चित्रपटासाठी दिग्दर्शक म्हणून देनी विलनव्ह यांचे नाव जाहीर झाले आहे. ते थोर आहेत, आणि शांततेचा वापर त्यांना कळतो. माझी काळजी त्यांच्याबद्दल नाही. पंचवीस-पंचवीस वर्षे एकाच दारातून कामाला येणारी माणसे नवे मालक कुठून आणणार, आणि आली तर त्यांना तेवढा काळ ठेवून घेणार का, याची आहे.